समोरची पार्टी

त्याच्या दुकानात एक गाणं मिळत नसे. मिळायचा तो अख्खा आल्बम, नाहीतर आल्या पावली परत. कोऱ्या कॅसेटवर निवडक गाणी भरून देण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन यायचं, यातलं हे भरा, त्यातलं ते भरा. बाकीचे दुकानदार मुकाट्याने भरून द्यायचे. हा चिठ्ठी न वाचताच परत करायचा. "हे भेळेचं दुकान नाय," म्हणायचा. कुणी फारच गळ घातली तर विचारायचा, "पोवाड्यातलं नुसतं 'जी जी' भरून देऊ? चालेल?"

गल्लीने त्याचं नावच आल्बम पाडलं होतं. कुणी लांबून 'ए आल्बम' अशी हाक मारली तरी तो चिडायचा नाही. चिडायचा तो फक्त चालू गाणं कुणी अर्ध्यात तोडलं तर.

परळच्या पुलाजवळ, एका गिरणीच्या भिंतीसमोर आमच्या टपऱ्या होत्या, एकमेकींना खेटून. त्याची कॅसेटची, माझी घड्याळदुरुस्तीची. मध्ये प्लायवूडची एक फळी. आता घड्याळजीला काय हवं असतं? उजेड आणि शांतता. उजेडाची सोय मी करून घेतली होती, शांततेची त्याने वाट लावली. मोठ्या ठोक्याचा एखादा आल्बम लागला की माझ्या बशीतले स्क्रू नाचायला लागायचे. डोळ्याला भिंग लावून मी केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरलेली असायची, आणि पलीकडून धम्म. मग मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायचो. मी गिरगावात वाढलेला, नाट्यसंगीतावर पोसलेला माणूस. पहिलं वर्षभर रोज भांडायला उठायचो. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बी साइड राहिलीय. ती झाली की भांडू." ती होईपर्यंत माझा राग निवलेला असायचा.

संपाआधी तो समोरच्याच गिरणीत होता, रिंगखात्यात सूत कातायच्या यंत्रांवर. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. माणसं आपापली पांगली. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गाव गाठलं. ह्याने नायगावच्या बीडीडी चाळीतली जागा सोडली, घोडपदेवला बायकोच्या नात्यातल्या एका खोलीत बिऱ्हाड हलवलं आणि टपरी टाकली. भजनं, लावण्या, सिनेमाची गाणी असं सगळं विकायला ठेवायचा. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, जेवणाचे डबे करायच्या. पण त्याच्या डोक्यामागच्या फळीवर एक वेगळी रांग होती, ती विकाऊ नव्हती. ते सगळे अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या पोरांचे रॅपचे आल्बम.

त्यातली पहिली कॅसेट आणली ती जुन्या चाळीतल्या एका खलाशाने. तो बोटीवर स्वयंपाकी होता. कुठल्याशा बंदरात ही कॅसेट घेतली आणि एक प्रत काढून ठेव म्हणून ह्याच्याकडे टाकून गेला. ह्याचं इंग्रजी म्हणजे गिरणीतलं: ब्रेकडाऊन, ओव्हरटाइम, लॉकआउट. तरी ए साइड त्याने उभ्याउभ्याने ऐकली. मग फळीवरून डोकं काढून मला म्हणाला, "घड्याळवाल्या, हा कुणावर तरी जाम चिडलाय. पण ठेका बघ. एवढा चिडलाय, पण ठेका सोडत नाय."

कॅसेट उलटून लावताना तो हात चोळत होता. "आता समोरची पार्टी," म्हणाला.

ह्याचा अर्थ मला नंतर कळला. नायगावच्या चाळींत चौदा एप्रिलच्या जयंतीला मैदानात सामना व्हायचा. दोन गायनपार्ट्या समोरासमोर बसायच्या, कव्वालीच्या थाटात. एकीने सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे जबाब द्यायचा, आणि अख्खी चाळ सतरंजीवर बसून कोण कुणाला गार करतंय ते बघायची. सवाल टाकून घरी निघून जायची सोय नसे. समोरच्याचं ऐकून घ्यावंच लागे, आणि तेही त्याच्या तोंडाकडे बघून. ह्याचं बालपण, तरुणपण सगळं त्या सतरंजीवर गेलेलं. तेव्हा कॅसेटला दोन बाजू आहेत म्हणजे एका बाजूला एक पार्टी आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, ह्यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

बी साइडला तोच माणूस निघाला. ह्याने शेवटपर्यंत वाट बघितली. मग खलाशाला दुकानात बोलावून झापलं. "अर्धाच माल आणलास. हा एवढं बोलला, त्याला समोरच्याने काय सांगितलं? जबाब कुठाय?" खलाशी बिचारा पुढच्या फेरीला न्यूयॉर्कच्या एका दुकानात गेला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं की ह्या माणसाने ज्याला शिव्या घातल्यात त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे का. "मला वाटलं, धक्के मारून बाहेर काढतील," असं तो नंतर मला सांगत होता. "तो दुकानदार माझ्याकडे बघत राह्यला, मग हसला, आत गेला आणि एक कॅसेट घेऊन आला. बोलला, हेच उत्तर."

ती कॅसेट ऐकतानाचा ह्याचा चेहरा मी विसरणार नाही. देवळात पहिल्यांदा नेलेल्या मुलाचा होतो तसा झाला होता. संपल्यावर त्याने कॅसेट काढून डबीत ठेवली. मग म्हणाला, "असते रे. तिकडे पण समोरची पार्टी असते."

तिथून पुढे तो कुणाला आवरेना. जो खलाशी दिसेल त्याच्या गळ्यात मागणी. प्रभादेवीच्या एका कोळिणीचा भाचा बोटीवर होता, तर हा तिच्याकडून पापलेट घ्यायला लागला. घरात कुणी पापलेट खात नसताना. आल्बमांची इंग्रजी नावं त्याच्या जिभेला झेपायची नाहीत, म्हणून त्याने आपली नावं ठेवली. मला ते आल्बम आजही त्याच नावांनी माहीत आहेत. माझ्या पुतण्याने एकदा खरी नावं शोधून सांगितली, ती मी ऐकून सोडून दिली.

'भोंगा' हा त्यातला त्याचा सगळ्यात लाडका. त्यात सुरुवातीलाच भोंग्यासारखा एक आवाज कळवळत वर चढायचा. मग त्यावर ढोल, त्यावर ओरडा, त्यावर कुणाचं तरी भाषण, सगळं एकावर एक रचलेलं. मला तो निव्वळ गोंगाट वाटला. "गोंगाट नाय," तो म्हणाला, "गेट मीटिंग आहे, संपात गिरणीच्या दारात व्हायची तशी. नीट ऐक. प्रत्येक जण आपल्या जागेवर उभाय." आणि खरं सांगतो, तिसऱ्यांदा ऐकताना मला ते दिसलं. डावीकडे ढोल, मागे गर्दी, मध्ये तो बोलणारा, आणि एकाचाही पाय दुसऱ्याच्या पायावर पडत नव्हता. घड्याळाच्या पोटात इतकी चाकं इतक्या कमी जागेत फिरताना मी रोज बघतो, म्हणून मला त्या कामाची किंमत कळली. मी भिंग काढून ठेवलं आणि हात जोडले.

'खिडकी' वेगळा. एक विशीचं पोरगं आपल्या खिडकीतून वस्ती बघतंय आणि सांगतंय. कोण जिन्यात बसलंय, कुणाचा बाप आला नाही, कुणाच्या दारात पोलीस आलेत. कुठेही स्वतःचं मत नाही, नुसतं काय दिसतंय ते. खलाशाकडून अर्थ ऐकून घेताना हा मध्येच म्हणायचा, "शिव्या मला कळतात, बाकीचं सांग." आणि सगळं कळल्यावर पुटपुटला, "एवढ्याशा वयात एवढं कधी बघितलं ह्याने?" त्या पोराच्या नावाने तो आदराने कान पकडायचा, आमच्याकडे गवई गुरूचं नाव घेताना पकडतात तसा.

'बाई' नावाचा आल्बम वहिनी डबा घेऊन आल्या की लागायचा. त्यातली ती गायला लागली की रडवायची आणि बोलायला लागली की झोडायची. वहिनी एरवी दुकानात मिनिटभर थांबत नसत, पण ही लागली की स्टुलावर टेकायच्या. मी एकदा विचारलं, "वहिनी, भाषा कळते का?" म्हणाल्या, "भाषेचं काय करायचंय? ती खोटं बोलत नाय, एवढं कळतं."

ऐकायचे त्याचे कायदे होते. बोलायचं नाही. गाणं पुढे ढकलायचं नाही. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेतही तोंड उघडायचं नाही, कारण ती शांतताही करणाऱ्याने मोजून ठेवली आहे. आणि सगळा आल्बम झाल्याशिवाय चांगला-वाईट काही म्हणायचं नाही. "आधी त्याला त्याचं म्हणणं पुरं करू दे," असं तो सांगायचा. एकदा एक इन्स्पेक्टर कसल्याशा परवान्यासाठी आला, तर ह्याने त्यालाही हात दाखवून थांबवलं. मी फळीमागे जीव मुठीत धरून बसलो. इन्स्पेक्टर मात्र शेवटच्या गाण्यापर्यंत थांबला आणि जाताना विचारून गेला की हा गातोय तो कोण.

मग एक दिवस समोरच्या गिरणीतली यंत्रं भंगारात निघाली. ट्रकांवर ट्रक भरून बाहेर पडत होते. ह्याने दोन्ही स्पीकर उचलून स्टुलांवर ठेवले, रस्त्याकडे तोंड केलं आणि 'भोंगा' लावला. बंद पडलेल्या गिरणीसमोर भोंगा वाजला. फुटपाथवरून जाणारी जुनी माणसं थबकली. काहींनी सवयीने मनगटाकडे पाहिलं.

पलीकडच्या फुटपाथवर, गिरणीच्या भिंतीला टेकून एक उंच माणूस उभा होता. आल्बम संपेपर्यंत तो हलला नाही. शेवटचं गाणं विरलं तसा पायातली चप्पल नीट करून चालायला लागला. रस्ता ओलांडून आला नाही.

"कोण रे तो?" मी विचारलं.

"दादा माझा," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने मला सगळं सांगितलं. दोघे भाऊ एकाच गिरणीत, एकाच चाळीत. मैदानातल्या सामन्यात दोघे एकमेकांसमोर बसायचे आणि घरी येऊन एकाच ताटात जेवायचे. हा सवाल टाकण्यात तरबेज, पण जबाबात दादाचा हात धरणारा कुणी नव्हता. संप दुसऱ्या वर्षात गेला, घराघरातली भांडी विकली जायला लागली, आणि एका सकाळी दादा पोलिसांच्या रांगेतून गेटाच्या आत गेला. कामावर. बाहेर मीटिंग चालू होती. हा हातगाडीवर चढला आणि तिथल्या तिथे त्याने रचलं:

दादा माझा मोठा, त्याचं काळीज इवलं छोटं,
गेटामधून आत गेला, धरून मालकाचं बोट.

गेट हसलं. संध्याकाळपर्यंत गाणं नायगावात पोचलं. जिन्याजिन्यांत पोरं म्हणायला लागली, दादाचा मुलगा शाळेत जाताना त्याच्या मागे म्हणायला लागली.

"आणि दादा काय म्हणाला?"

"काय नाय. एक ओळ नाय. समोरून जायचा, मान खाली घालून. जबाब देणारा माणूस होता रे तो. त्याला सुचला नाय, असं होऊच शकत नाय." मग त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "उशिरा येईल. पण येईल."

तेव्हा मला उमगलं की हा इतकी वर्षं काय ऐकत होता. कॅसेट उलटताना हात का चोळायचा, खलाशांच्या पाठी का लागायचा. त्याला संगीत आवडत होतं हे तर खरंच, माझ्या पाहण्यात त्याच्याइतकं जीव ओतून ऐकणारा दुसरा नाही. पण त्या सगळ्या ऐकण्याच्या खाली ही एक वाट बघणं होतं. त्याला उत्तर हवं होतं. ते मिळाल्याशिवाय आपण जिंकलो की हरलो हे त्याला कळणार नव्हतं, आणि भाऊही परत मिळणार नव्हता.

वर्षं गेली. गिरणीच्या जागी काचेची इमारत आली. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. ह्याच्या टपरीत मोबाइलची कव्हरं लटकायला लागली आणि माझ्याकडे घड्याळं आणणारे कमी झाले. पण ऐकणं सुटलं नाही. फोनवर गाणी उलटसुलट क्रमाने लावायचं बटण असतं, ते त्याला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्याने विचारलं, "हे ज्याने काढलं त्याला आईबाप होते का?" तरी नव्याला तो नाकं मुरडणारा नव्हता. नवी पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून मी कुरकुर केली, तर एक आल्बम घेऊन आठवडाभर बसला आणि मग म्हणाला, "हा कुजबुजतो, कारण ह्याला माहितीय शेजारी ऐकतायत. बरोबर करतोय." त्या आल्बमचं नाव 'कुजबुज' पडलं. त्याचं ऐकून मीही ऐकला. गिरगावच्या माझ्या कानांना तो शेवटी पटला, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

अशीच एक दुपार. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. विशीची एक मुलगी टपरीसमोर उभी राहिली, ढगळ शर्ट, पायात मोठाले बूट. "आजोबा, मी नायगावहून आले. तुमच्या दादाची नात." ह्याने हातातलं कव्हर खाली ठेवलं. "मी आल्बम केलाय. मराठीत. पूर्ण ऐकाल?"

"मला विचारतेस?" हा म्हणाला, आणि तिचा फोन स्पीकरला जोडला.

पहिलंच गाणं चाळीतल्या नळावरचं, आणि ते ऐकूनच आम्ही सरसावून बसलो. ही मुलगी शब्द असे टाकायची की एकही जागेवरून हलवता येऊ नये. कधी मराठी, कधी आपली मुंबईची हिंदी, पाडायला निघालेल्या चाळी, पोलीस भरतीत नापास झालेला मामा, सगळं त्यात. हा डोळे मिटून बोटाने ठेका धरत होता. मग पाचवं गाणं सुरू झालं आणि त्याचं बोट थांबलं. तिने त्याचंच गाणं म्हटलं होतं. 'दादा माझा मोठा', जसंच्या तसं, एक अक्षर न बदलता. सामन्याची रीतच ती: आधी समोरच्याचा सवाल पुरा म्हणायचा, मग जबाब. आणि जबाब आला:

बोट धरलं मालकाचं, दिसलं अख्ख्या गेटाला,
दुसऱ्या हाताने तांदूळ दिला, सांग, कुणाच्या पोटाला?
मागच्या जिन्याने माझी आजी पिशवी घेऊन जायची,
गाणं रचून दमलेल्याला धाकटी जाऊ वाढायची.

वहिनींच्या हातात डब्याचं झाकण होतं, ते तसंच राहिलं. ह्याचा हात फोनकडे गेला. मला वाटलं, आता बंद करणार. मुलीलाही तसंच वाटलं असावं, ती एक पाऊल मागे सरली. पण त्याने हात परत आणून मांडीवर ठेवला. अजून गाणी उरली होती. एक बसस्टॉपवरचं होतं, एक तिच्या आईच्या नोकरीवरचं. ती सगळी त्याने ऐकली, मान ताठ ठेवून, चेहऱ्यावरून पाणी ओघळत असताना, मधल्या शांततांसकट. मी त्याला कितीतरी आल्बम ऐकताना पाहिलं, पण माणूस एवढा मोठा असू शकतो हे त्या दुपारी पाहिलं.

संपलं. तो वहिनींकडे वळला. "खरंय?"

"सगळं ऐकलंत ना?" वहिनी म्हणाल्या. "मग मला काय विचारता."

मग त्याने मुलीकडे पाहिलं. ती ओठ चावत होती. "माझ्या पप्पांना शाळेत तुमचं गाणं म्हणून चिडवायचे," ती म्हणाली. "म्हणून मला पाठ आहे. तुम्हाला राग आला असेल तर..."

"तिसऱ्या गाण्यात ठेका घसरलाय," तो म्हणाला. "तो नीट कर. पाचव्यात एक शब्द हलवू नकोस. कुणी सांगितलं तरी नाय."

मग त्याने भरदुपारी शटर ओढलं. मला म्हणाला, "तू पण चल," आणि आम्ही नायगावला निघालो, वहिनी सगळ्यांच्या पुढे, ती मुलगी माझ्या बाजूला.

दादा चाळीच्या गॅलरीत खुर्चीवर बसला होता. हा दोन पावलं अलीकडे थांबला.

"दादा, उत्तर पोचलं."

दादाने नातीकडे पाहिलं, मग ह्याच्याकडे. "पोरीने दिलं," तो म्हणाला. "मी नसतं दिलं."

"का पण? तुला तर तेव्हाच सुचलं असणार."

"सुचलं होतं." दादाने वहिनींकडे मान वळवली. "हिने माझ्याकडून शब्द घेतलेला. त्याला कळलं तर तो जेवायचा नाय, म्हणाली."

दादाने पाय आत घेऊन जागा केली. "बस. जेवून जा."

तो खाली बसला. आतून ताट आलं, भात आणि आमटी. पहिला घास हातात घेऊन तो बराच वेळ तसाच राहिला. दादा रस्त्याकडे बघत होता. तिकडेच बघत तो म्हणाला, "खा रे. आता काय लपवायचं नाय."